सिंहगड उतरायला शिका, चढायला नंतर

सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून वर जाणाऱ्या वाटेवर जो भेटेल तो विचारतो, "चढायला किती मिनिटं?" मला या प्रश्नाचा राग येतो. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि जवळपास ६०० मीटर चढ. नवख्यानं तो पळायचाच नसतो. तळवे मांड्यांवर दाबत, छोटी पावलं टाकत चालायचं. बोलताना वाक्य मध्येच तुटायला लागलं की दम खायचा. पुणे दरवाजा, देवटाक्याचं पाणी, मटक्यातलं दही, झालं.

पळणं सुरू होतं ते खाली येताना, आणि माणसं जायबंदी होतात तीही तिथेच.

उन्हाळ्यात इथला मुरूम सुटा होतो. घसारा, म्हणजे सुट्या खड्यांचा उतार, दिसला की नवखा घाबरून मागे रेलतो आणि टाच रोवतो. वजन मागे राहिल्यामुळे बूट सरकतो, तो बसकण मारतो, आणि मागे टेकलेल्या हाताचं मनगट दुखावतं. यावर उपाय भीतीच्या अगदी उलटा आहे. घोट्यातून किंचित पुढे झुका, गुडघे सैल सोडा, पाऊल कमरेच्या बरोबर खाली पडू द्या. ढांग नको, मिनिटाला १७०-१८० छोटी पावलं. म्हणजे एखादं घसरलं तरी पुढचं सावरून घेतं. हात बाजूला मोकळे ठेवा. नजर बुटावर नाही, तीन-चार मीटर पुढे. गडावर ताक-दही विकणाऱ्या मावशी रिकामी भांडी घेऊन उतरतात, तेव्हा त्यांची पावलं बघत राहावंसं वाटतं. साध्या चपला, पण एकही पाऊल जड पडत नाही. इतकं चांगलं शिक्षण पुण्यात दुसरीकडे मिळत नाही, असं माझं मत आहे.

उतरण्याआधी नाड्या सोडून पुन्हा बांधायच्याच. शेवटच्या भोकातून घट्ट ओढून टाच जखडली नाही, तर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. ती संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात तपासा.

उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, त्यामुळे खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. म्हणून पहिला महिनाभर फक्त शेवटचा सौम्य टप्पा पळत उतरा, वरचा चालत, आणि तेही आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस पुण्यातलीच तळजाई नाहीतर वेताळ टेकडी.

पावसाळ्यात बुटाच्या ४-५ मिलिमीटरच्या खाचा चिखलात धरतात. शेवाळलेल्या काळ्या दगडावर मात्र त्या काहीच करत नाहीत, कारण तिथे रबर टेकतंच कमी. तिथे सरळ चालायचं.

आणि रविवारी उजाडल्यावर तर पळत उतरूच नका. वाट अरुंद, त्यात आजी-आजोबा, लहान मुलं. "साइड, साइड" ओरडत येणाऱ्यांनी निदान थांबावं. आधी हक्क चढणाऱ्याचा असतो.