कुडलचा शिलालेख आणि बायबलच्या पुरातत्त्वावरील थरारकथा : सोलापूरचा एक प्रवास

पुण्याहून रेल्वेने सोलापूरला निघाले की दौंडच्या आधी केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, मूळ ग्रंथ समोर ठेवून, संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर येथील मुक्ती मिशनमध्ये केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. मी ज्या कामासाठी सोलापूरला चालले होते त्याच्याशी या गावाचा जवळचा संबंध होता, कारण प्राचीन शब्दाच्या मुळापर्यंत जाण्यासाठी एखाद्या मराठी बाईने वर्षानुवर्षे केवढे कष्ट उपसले, याची आठवण त्या स्थानकाच्या फलकामुळे होते, आणि बायबलच्या पुरातत्त्वावर बेतलेल्या थरारकथांमध्ये नेमक्या याच कष्टांना फारशी जागा मिळत नाही.

सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वाचनगटाने मला याच कथांवर बोलायला बोलावले होते. स्थानकावर घ्यायला आलेल्या निवृत्त शिक्षिका बाईंच्या घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असे जेवण झाले. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळून फिरताना बाई त्यांच्या गटाविषयी सांगत होत्या. घरी कोणी तेलुगू बोलणारे, कोणी कन्नड, पण वाचन मराठीत आणि इंग्रजीत. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात या शहरात काम सुरू केले तेव्हापासून येथील ख्रिस्ती घरांत पुस्तकांचे कपाट असतेच, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या घरातील कपाट पाहून ते मला पटले.

त्या कपाटातील निम्मी पुस्तके इंग्रजी थरारकथाच होत्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. वाळवंटातील एका गुहेत किंवा यरुशलेमच्या एखाद्या तळघरात प्राचीन गुंडाळी सापडते, ती वाचणाऱ्या विद्वानाचा खून होतो, एक गुप्त संघटना मागे लागते, आणि शेवटी ती गुंडाळी एक तर ख्रिस्ती विश्वासाला सुरुंग लावते किंवा त्याचा निर्विवाद पुरावा ठरते. पहिल्या प्रकारच्या कथा विश्वासाबाहेरचे लेखक लिहितात, दुसऱ्या प्रकारच्या आपले बांधव लिहितात, आणि मला दोन्हींत एकच उणीव दिसते : प्रभूवरचा विश्वास एका वस्तूला टांगलेला असतो. मला या कथा मनापासून आवडतात, रात्री जागून मी त्या वाचल्या आहेत, आणि म्हणूनच त्या अधिक चांगल्या व्हाव्यात असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मंडळीच्या सभागृहात आम्ही बसलो. मी सुरुवात कादंबरीपासून न करता एका खऱ्या घटनेपासून केली. १८८३ साली मोझेस विल्हेल्म शपिरा नावाच्या यरुशलेममधील पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याने चामड्याच्या काही पट्ट्या लंडनला आणल्या. त्यांवर प्राचीन हिब्रू लिपीत बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील मजकुराचे एक वेगळे रूप होते, आणि त्या मृत समुद्राच्या पूर्वेकडील डोंगरात बेदुइनांना सापडल्या असे त्याचे म्हणणे होते. त्याने दहा लाख पौंड मागितले. ब्रिटिश म्युझियमने दोन पट्ट्या लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या, ख्रिश्चन डेव्हिड गिन्सबर्ग या विद्वानाने त्यांचा अभ्यास केला, फ्रेंच अभ्यासक क्लेर्मों-गानो याने त्या बनावट असल्याचे जाहीर केले आणि शेवटी गिन्सबर्ग यांनीही तोच निर्वाळा दिला. मार्च १८८४ मध्ये रॉटरडॅमच्या एका हॉटेलात शपिराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पट्ट्या १८८५ साली लिलावात विकल्या गेल्या आणि पुढे नाहीशा झाल्या. मग १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांतून चामड्यावरच्या खऱ्या गुंडाळ्या बाहेर आल्या, आणि शपिराला न्याय मिळाला होता का, असा प्रश्न काही अभ्यासक पुन्हा विचारू लागले. पट्ट्याच हाती नसल्याने त्याचा निकाल लागलेला नाही.

सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, “ताई, यात खलनायक कोण?” प्रश्न अगदी नेमका होता. यात खलनायकाची गरजच पडत नाही. वस्तू जमिनीतून कोणी, कुठे आणि कोणत्या थरातून काढली हे कोणालाच दाखवता आले नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने एका माणसाचा जीव गेला.

हाच मुद्दा पुढे नेण्यासाठी मी त्यांना हिज्कीयाच्या बोगद्याकडे नेले. बायबलमधील राजे या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, विसाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात, हिज्कीया राजाने नगरात पाणी आणले असा उल्लेख आहे. यरुशलेममध्ये ५३३ मीटर लांबीचा तो बोगदा आजही आहे आणि त्यातून चालत जाता येते. १८८० साली काही मुलांना त्याच्या शिलोहाच्या तळ्याच्या बाजूच्या तोंडाजवळ भिंतीवर अक्षरे दिसली. दोन बाजूंनी खोदत आलेल्या कामगारांना मध्ये तीन हात खडक उरला असताना पलीकडच्यांचे आवाज कसे ऐकू आले आणि कुदळीला कुदळ कशी भिडली, याचे वर्णन त्या लेखात आहे. त्यात राजाचे नाव नाही, देवाचेही नाही. खडक फोडणाऱ्या मजुरांचा तो आनंद आहे. पुढे कोणी तरी तो भिंतीतून छिन्नीने काढला, त्यात त्याचे तुकडे झाले, आणि आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तरीही तो कुठला याविषयी शंका उरत नाही, कारण तो जागेवर असतानाच पाहिला आणि उतरवून घेतला गेला होता.

याच्या उलट उदाहरण २००२ साली जाहीर झालेल्या अस्थिपेटीचे. “याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ” असा मजकूर असलेली ती चुनखडकाची पेटी जगभर गाजली. पण ती एका संग्राहकाकडून पुढे आली होती, उत्खननातून नव्हे. खटला वर्षानुवर्षे चालला, २०१२ मध्ये संग्राहकाची बनावटगिरीच्या आरोपातून सुटका झाली, आणि त्याच निकालात न्यायाधीशांनी स्पष्ट केले की यावरून लेख अस्सल ठरत नाही. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमधील मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे सोळाही तुकडे बनावट असल्याचे २०२० साली संग्रहालयाने स्वतः जाहीर केले. ते त्यांनी लपवले नाही, आणि मला त्याचे मोल फार वाटते. ख्रिस्ती थरारकथेचा नायक असा असावा.

पाळकसाहेबांनी यावर एक अवघड प्रश्न काढला. यहोशवाच्या काळात यरीहो नगराचा तट कोसळला असे बायबल सांगते, त्या तटाचे काय? ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेथे उत्खनन केले, आणि यहोशवाच्या काळाशी सांगड घालण्यासाठी जो तट लोक दाखवत होते तो कितीतरी जुना आहे, तसेच त्या नगराचा मोठा नाश इ.स.पू. १५५० च्या आसपास, म्हणजे यहोशवाच्या काळाआधीच, झाला, असा निष्कर्ष काढला. विश्वासू लेखकाने हे टाळून पुढे जावे का? मला तसे वाटत नाही. कादंबरीतील ख्रिस्ती पुरातत्त्वज्ञाला हा निष्कर्ष ठाऊक असला पाहिजे, त्याने तो विद्यार्थ्यांना शिकवलेला असला पाहिजे, आणि तरीही रविवारी तो उपासनेला जात असला पाहिजे. त्याच्या मनातील ही ओढाताण कोणत्याही पाठलागापेक्षा वाचकाला जास्त धरून ठेवेल. जाता जाता सांगते, केनियन ज्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली थरांनुसार खोदण्याची पद्धत शिकल्या, तेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि त्यांनी तीच पद्धत आपल्याकडच्या तरुणांना शिकवली. यरीहो आणि आपली उत्खनने एकाच शाळेतली आहेत.

ही शाळा गटाला प्रत्यक्ष दाखवावी म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही हत्तरसंग-कुडलला गेलो. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, तेथे संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, आणि जवळच हरिहरेश्वराच्या मंदिरात शेकडो मुखे कोरलेले शिवलिंग आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड होते. मंदिराच्या आवारात आम्ही चपला काढल्या, पुजाऱ्यांची परवानगी घेतली आणि मंडपात गेलो.

संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवर जो शिलालेख आहे त्यात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८, हे वर्ष आहे, आणि शेवटी मराठीत अशा अर्थाचे वाक्य आहे की जो हे वाचील तो विजयी होईल. मराठीतील सर्वांत जुन्या दिनांकित लेखांपैकी हा एक. वाचनगटातील मुलांना मी मान वर करून तो शोधायला सांगितले. कोणाला आधी अक्षर दिसले, कोणाला नुसता ओरखडा. मग एकाने मोबाइलचा उजेड बाजूने तिरका धरला आणि सावलीमुळे खाचा उठून दिसू लागल्या. शिलालेख वाचणारे लोक हेच तंत्र वापरतात.

त्या तुळईखाली उभे राहून बोलणे सोपे झाले. हा दगड त्याच्या जागी आहे. त्याच्याभोवती मंदिर आहे, मंदिराभोवती गाव आहे, आणि लेखातच वर्ष दिलेले आहे. कोणी तो पिशवीत घालून बाजारात आणलेला नाही. आता हाच मजकूर असलेला एखादा सुटा दगड मुंबईच्या एखाद्या दुकानात मिळाला असता तर आपण काय केले असते, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “विकत घेतला असता, आणि मग आयुष्यभर झोप लागली नसती.” माझ्या पूर्ण व्याख्यानापेक्षा हे एक वाक्य मुलांना जास्त समजले, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत कथेचा आराखडा तयार होऊ लागला. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ते मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते आणि ते एका ख्रिस्ती लेखकाचे आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. कथा लिहिणे ही आपली उसनी हौस नाही. गटाने ठरवलेली कथा अशी. सोलापुरात एका जुन्या मिशन बंगल्याची डागडुजी चालू असताना पत्र्याच्या ट्रंकेत चामड्याची एक काळी पट्टी सापडते. तिच्यावर प्राचीन हिब्रू अक्षरे आहेत. ती शपिराच्या हरवलेल्या पट्ट्यांपैकी असू शकते, किंवा कोणी पुढे बनवलेली नक्कल. नायिका शिलालेखांची अभ्यासक आहे, तिने पहिले लिपिवाचन कुडलला केले आहे, आणि तिच्या मंडळीतील लोकांना ही पट्टी म्हणजे देवाची साक्ष वाटते. एक श्रीमंत संग्राहक ती वाटेल त्या किमतीला मागतो. ट्रंक त्या बंगल्यात कधी आणि कोणी आणली याचा शोध हाच कथेचा पाठलाग.

शेवटाविषयी मात्र एकमत झाले नाही. पट्टी अस्सल ठरावी, असे तरुण मुलांना वाटत होते. दोनशे पाने वाचून वाचकाला काही तरी हाती लागले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. बाईंचे मत असे की तिने पट्टीची छायाचित्रे आणि आपला सर्व अभ्यास प्रसिद्ध करावा, मूळ सापडण्याचे ठिकाण अज्ञात असे ठळक लिहावे, संग्राहकाला नकार द्यावा आणि मंडळीच्या रोषाला सामोरे जावे. मी बाईंच्या बाजूने आहे. मंडळीसमोर उभे राहून, “हा पुरावा नाही, आणि तरीही माझा विश्वास आहे,” असे सांगण्याचा प्रसंग नीट लिहिता आला तर त्यात पिस्तुलापेक्षा अधिक धोका आहे, कारण तेथे तिला आपलीच माणसे गमवावी लागू शकतात.

आता प्रकरणे वाटून दिली आहेत. ट्रंकेचे प्रकरण बाई लिहिणार, लंडन आणि रॉटरडॅमचे प्रकरण अभियांत्रिकीच्या मुलाकडे आहे, आणि पाळकसाहेबांनी मंडळीच्या बैठकीचा प्रसंग स्वतःहून मागून घेतला. कुडलचे प्रकरण माझ्याकडे आले, त्यासाठी मला हिवाळ्यात पुन्हा एकदा त्या तुळईखाली सकाळच्या तिरप्या उन्हात बसायचे आहे.