पहिल्या तीन महिन्यांतला माझा अनुभव

नऊ वर्षे एकाच ठिकाणी काम केल्यानंतर मी दुसऱ्या संस्थेच्या लेखा विभागात रुजू झाले, तेव्हा कामाची भीती फारशी नव्हती. आपल्याविषयी पहिल्या आठवड्यात जे मत बनेल तेच पुढे चिकटून राहील, ही धास्ती मात्र होती. ती अगदीच निराधार नव्हती. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच व्यक्तीची सहा विशेषणे एका गटाला ‘बुद्धिमान, कष्टाळू’ येथून सुरू करून, तर दुसऱ्याला नेमकी उलट्या क्रमाने, म्हणजे ‘मत्सरी, हट्टी’ येथून सुरू करून वाचून दाखवली होती. शब्द तेच असूनही पहिल्या गटाचे त्या व्यक्तीविषयीचे मत एकंदरीत अधिक चांगले झाले होते.

मी यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. सुरुवातीलाच हुशारी दिसली पाहिजे, असे मी ठरवून टाकले. तिसऱ्याच दिवशीच्या बैठकीत, संगणक प्रणालीत नोंदलेली प्रत्येक रक्कम वेगळ्या तक्त्यात पुन्हा लिहिणे हे दुहेरी काम असून ते बंद करावे, असे मी आत्मविश्वासाने सांगितले. कोणी विरोध केला नाही, कोणी होकारही दिला नाही. विषय तिथेच थांबला. संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो तक्ता उघडून दाखवला. आपण दिलेला धनादेश आपल्या हिशेबात त्याच दिवशी खर्ची पडतो, पण समोरच्याने तो उशिरा भरला तर बँकेच्या उताऱ्यात तो काही दिवसांनी दिसतो, आणि महिनाअखेरीस दोन्ही शिलका जुळवताना असे अजून वटायचे असलेले धनादेश शोधण्यासाठीच तो तक्ता होता. हे मला शिकवायची गरज नव्हती, म्हणून तर अधिक लाज वाटली. “तक्ता कशासाठी आहे एवढं आधी विचारलं असतं, तरी चाललं असतं,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी एक वही केली. दिवसभरात पडलेले प्रश्न तिच्यात लिहायचे, जुन्या फायलींतून सुटतील ते खोडायचे आणि उरलेले संध्याकाळी एकदम विचारायचे, असा क्रम ठेवला. दर दहा मिनिटांनी कोणाच्या तरी टेबलाजवळ जाऊन उभे राहण्यापेक्षा हे दोघांनाही सोयीचे होते, शिवाय मिळालेले उत्तर तिथेच लिहून ठेवल्यामुळे तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची नामुष्की टळली. पोशाखाचा विचार मी रुजू होण्यापूर्वी तीन दिवस केला होता. त्याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी विभागप्रमुखांची थोडी वेळ मागून घेतली आणि तीन महिन्यांनी माझ्या कामात त्यांना काय दिसायला हवे, हे सरळ विचारले. नव्या कल्पनांविषयी ते बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांना हवे होते ते एवढेच, की महिनाअखेरचा हिशेब आठवण करून न देता वेळेवर यावा आणि उशीर होणार असेल तर तो आदल्या दिवशी कळावा. मग मी कोणीच हात न लावलेल्या जुन्या, न जुळलेल्या नोंदी मागून घेतल्या. काम कंटाळवाणे होते, परंतु प्रत्येक नोंदीमागचा कागद शोधताना कोणत्या विभागात कोणाला विचारायचे हे आपोआप समजत गेले, आणि लोकही मला नावाने ओळखू लागले. दुसऱ्या महिन्याचा हिशेब मला एक दिवस उशिरा द्यावा लागला. ते मी आदल्या दुपारीच कळवले आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

पाचव्या महिन्यात मी त्याच तक्त्यातील दोन रकाने वगळण्याचे सुचवले, या वेळी ते कोण वापरते हे आधी विचारून. एक रकाना निघाला. दुसरा लेखापरीक्षक दरवर्षी मागतात, म्हणून तो अजून आहे आणि आता तो मीच भरते.