उगाच उन्हावर आळ

आमच्या अमळनेरात मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. फ्रिज बसला, ऊन. मोबाईल बंद पडला, ऊन. गाडीच्या डिकीतला, स्टिरिओचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर गाणं अर्ध्यात सोडून गप्प व्हायला लागला, तेव्हाही सगळ्यांचं निदान एकच, 'तापतोय तो.' ज्या दुकानात बसवून घेतला होता, तिथल्या माणसाने तर डिकीसुद्धा न उघडता नवा घ्यायला सांगितलं.

मलाही पटलं होतं. दुपारी त्या पेटीवर हात टेकवत नव्हता. पण एकदा पहाटे साडेपाचला पारोळ्याला निघालो आणि गावाबाहेर पडायच्या आत आवाज गेला. उतरून डिकी उघडली. पेटी गार.

मग रविवारी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला आणि शालकाला पुढच्या सीटवर बसवलं. त्याचं काम एकच, मी सांगेन तेव्हा बेस वाढवायचा. हे काम त्याला फुकटात मिळालं म्हणून तो खूश.

आधी नुसता पेटीवरचा दिवा पाहिला. आवाज जाताना दिवा लाल झाला, तर अ‍ॅम्प स्वतःला वाचवतोय : उष्णता, नाहीतर स्पीकरची वायर कुठेतरी पत्र्याला टेकलेली. दिवा तसाच जळत राहिला आणि आवाज तेवढा गेला, तर स्टिरिओकडून गाणं आणणारी आरसीए केबल तपासायची. माझा दिवा विझतच होता. दोन-तीन सेकंदांनी परत लागायचा. म्हणजे त्याला वीजच पुरत नव्हती.

स्टिरिओ लावला की पेटी चालू करणाऱ्या रिमोटच्या वायरवर बारा व्होल्ट, हलत नव्हते. इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पच्या प्लस-मायनसवर मीटर लावला, 14.1. ठीक. शालकाला हाक मारली, 'वाढव!' आकडा 9.9 वर घसरला आणि दिवा गेला. पुन्हा वाढवायला लावून बॅटरीवर पाहिलं, तिथे 13.8 कायम. म्हणजे बॅटरी ठीक, व्होल्ट मधल्या वाटेत कुठेतरी मरत होते.

शालक मागे येऊन म्हणे, 'दाजी, बठ्ठं बरोबर से, मंग आवाज कथा जास?'

सगळं बरोबर असून आवाज जातो कुठे, मलाही तेच शोधायचं होतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थिंगवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या मायनसच्या वायरवर, धरलं (त्यासाठी लांब वायर जोडावी लागली, घरातली जुनी एक्स्टेंशन कामी आली). बेस वाढवला की 3.6 व्होल्ट. अर्थिंग चांगली असेल तर इथे जवळपास शून्य दिसायला हवं. दुकानदाराने जो अ‍ॅम्प बदलायला सांगितला होता, तो बिचारा उपाशी होता.

बॅटरीचा मायनस सोडला आणि डिकीची चटई उचलली. खाली गेल्या मोसमातल्या कापसाचे बोंडूक, सरकीचे दोन दाणे आणि अर्थिंगचा स्क्रू. पत्र्यातला साधा स्क्रू, रंग न खरवडता तसाच पिळलेला. कनेक्टरच्या कड्याखाली गाडीचा रंग जसाच्या तसा चकचकीत! करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांमधून, आणि त्या आट्या गंजून तांबूस झाल्या होत्या. पाण्याचा जार सांडतो तो तिथेच. धक्का बसला की कडं बोटाने हलावं तसं हलायचं.

रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने उघडी चांदीसारखी केली, दातेरी वायसर घालून नट-बोल्ट आवळला, वायर तोडून हातभरच ठेवली आणि वरून ग्रीसचा हात दिला. परत तीच परीक्षा. 3.6 च्या जागी 0.08.

प्लसच्या बाजूला मात्र अजून 0.3 व्होल्ट मरतात. बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला बोट लावलं, तर तो कोमट. तो पुढच्या रविवारी.