ढिला दोर

कोलोरॅडो राज्यातलं लेडव्हिल हे गाव सुमारे 3,100 मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. मार्चच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी गावच्या मुख्य रस्त्यावर, हॅरिसन अॅव्हेन्यूवर, ट्रकने बर्फ आणून ओततात, तो दाबून सपाट करतात आणि त्यावर घोडे पळवतात. घोड्यावर एक स्वार, खोगिराला बांधलेला दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला स्कीवर उभा असलेला माणूस. 1949 पासून ही शर्यत इथे होते. या खेळाला स्कीजोरिंग म्हणतात. शब्द मूळचा नॉर्वेजियन आहे, त्याचा अर्थ साधारण 'स्कीवरून हाकणं'.

जुन्नर-आंबेगावकडच्या घाटातली बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही रचना लगेच समजेल. एका वेळी एकच जोडी पळते, लढत घड्याळाशी असते आणि पंधरा-वीस सेकंदांत बारी संपते. घोडा रस्त्याच्या मधोमध सरळ धावतो. मागच्या माणसाला मात्र सरळ जायचं नसतं. डावी-उजवीकडची गेटं, म्हणजे खुणा लावून आखलेल्या वाटा, घ्यायची, पुरुषभर उंचीचे बर्फाचे उंचवटे उडून पार करायचे आणि वाटेत टांगलेल्या कड्या हातातल्या काठीत ओवून न्यायच्या. गेट किंवा कडी हुकली की वेळेत सेकंद वाढतात. किती वाढतात ते त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर असतं, पण दोन सेकंदांनीसुद्धा नंबर पार खाली जातो. शेवटची रेषा ओलांडताना दोर हातात आणि निदान एक स्की पायात हवी, नाहीतर बारी बाद.

स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला हाच खेळ वेगळ्या तऱ्हेने खेळतात. तिथे घोड्यावर कोणी बसत नाही. स्कीवाला स्वतःच लांब लगाम धरून घोडा हाकतो आणि गोठलेल्या तलावावर सगळे एकदम पळतात. 1928च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ म्हणून तोच प्रकार होता. इथून पुढचं सगळं अमेरिकेतल्या, स्वार असलेल्या प्रकाराबद्दल आहे.

लोक घोड्याच्या वेगाकडे बघतात. वेग असतोच, ताशी 50-60 किलोमीटर सहज होतो. पण बारी जिंकली जाते किंवा हरली जाते ती दोरात. लेडव्हिलचा दोर 33 फुटांचा, म्हणजे साधारण दहा मीटरचा. त्याला मूठ नसते. नुसता दोर धरायचा, आणि गरजेप्रमाणे हातावर हात टाकत पुढे चढायचं किंवा मागे सोडायचं.

हे का करावं लागतं, ते नीट समजून घ्या. तुम्ही घोड्याच्या मागून बाजूच्या गेटाकडे कापत गेलात की दोर ताणला जातो आणि तुमचा वेग घोड्यापेक्षा जास्त होतो, गोफणीतल्या दगडासारखा. गेट घेऊन परत मध्याकडे वळलात की तोच जादा वेग तुम्हाला घोड्याच्या जवळ नेतो आणि दोर ढिला पडतो. ढिला दोर अर्धा सेकंद बर्फावर लोळतो. तेवढ्यात घोडा सात-आठ मीटर पुढे गेलेला असतो, आणि मग बसतो तो झटका. खांदा निखळतो, दोर तळहातातून निसटतो किंवा माणूस तोंडावर आपटतो. नवशिके बहुतेक इथेच पडतात, उंचवट्यावर नाही. दुसरा धोका घोड्याला: लोळणारा दोर त्याच्या मागच्या पायांत जाऊ शकतो. म्हणून ढील दिसताक्षणी दोर गोळा करायचा. कोपरं वाकवून हात कमरेजवळ आणायचे आणि ताण परत येईल तसे सावकाश पुढे सोडायचे. दोन्ही हात स्प्रिंगसारखे वापरायचे. कोपरं ताठ ठेवली तर घोड्याचं प्रत्येक पाऊल थेट खांद्यात जाणवतं.

उंचवट्यावरही हेच गणित, फक्त उलट्या बाजूने. हवेत असताना ताणलेला दोर तुम्हाला पुढे ओढून तोंडावर पाडतो. म्हणून चढाच्या आधी हात-दोन हात दोर गोळा करून ठेवायचा, कडेवरून सुटताना तो सोडायचा, म्हणजे हवेतल्या वेळापुरती ओढ लागत नाही. उतरताना गुडघे वाकलेले आणि हात पुढे, कारण ओढ लगेच परत येणार. उडी उंच मारण्यात काही मिळत नाही. हवेतला प्रत्येक क्षण पुढच्या गेटाच्या वळणातून वजा होतो.

कडीच्या वेळी दोरावर एकच हात असतो. कडीकडे तीन-चार मीटर आधीपासून बघायचं, काठीचं टोक तिच्या मधोमध धरायचं आणि बाकी काम वेगावर सोडायचं. झडप घालायला गेलात की खांदा फिरतो आणि त्यामागून स्कीसुद्धा फिरते.

दोर मनगटाला किंवा तळहाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. गुंडाळलेला दोर सुटत नाही आणि त्यात बोटं जातात. पडलात की पहिलं काम दोर सोडणं. हातमोजे चामड्याचे हवेत. ओला होऊन गोठलेला दोर काचेसारखा सरकतो, म्हणून दोन बाऱ्यांच्या मधे तो झटकून कोरडा ठेवतात. हेल्मेट तर हवंच. गॉगलही हवा, कारण घोड्याच्या टापांनी उडालेली बर्फाची ढेकळं सरळ तोंडावर येतात आणि थंडीत ती दगडासारखी कडक असतात.

स्कीची लांबी 165 ते 175 सेंटिमीटरच्या आसपास चांगली. त्याहून लांब स्की वळायला उशीर लावते, आखूड स्की उडीनंतर डगमगते. कडांना आदल्या रात्री धार लावून ठेवायची, कारण सकाळचा बर्फ टणक असतो. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड. तिच्या घट्टपणाचा आकडा फार कमी ठेवला तर स्की उतरतानाच निघते, फार जास्त ठेवला तर पडल्यावर निघत नाही आणि गुडघा पिळवटतो. दुकानात तुमचं वजन आणि अनुभव विचारून लावतात त्याच आकड्यापासून सुरुवात करा.

काही स्पर्धांत स्नोबोर्डचा, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरणाऱ्यांचा, वेगळा गट असतो, आणि तो खरोखर अवघड आहे. स्कीवाला घोड्याकडे तोंड करून उभा असतो, बोर्डवाला आडवा. डावा पाय पुढे असेल तर छाती उजवीकडे आणि पाठ डावीकडे. डावीकडचं गेट टाचेच्या कडेवर (बोर्डाची टाचांखालची कड), जवळजवळ पाठ करून घ्यावं लागतं, आणि तिथे टांगलेली कडी खांद्यामागे येते. म्हणून मार्ग आधी पायी चालून बघताना डावीकडची गेटं मोजून ठेवा. दोर पुढच्या हातात घ्या. दोराच्या ओढीने वजन पुढच्या पायावर येतं आणि बोर्डाचं नाक बर्फात रुततं, ते टाळायला कंबर थोडी मागे ठेवा. बोर्ड अगदी सपाट ठेवून कधी जाऊ नका, कायम एका कडेवर राहा. घोड्याने खणलेल्या बर्फात सपाट बोर्डाची नको ती कड अडकते आणि माणूस क्षणात आडवा होतो. बोर्डाच्या बाइंडिंग पडल्यावर सुटत नाहीत, त्यामुळे दोर सोडायला स्कीवाल्यापेक्षाही लवकर तयार असावं लागतं. सुरुवातीला बोर्ड आडवा ठेवून टाचेची कड रोवून उभं राहायचं. दोर ताणला गेला की मगच बोर्ड पुढे वळवायचा.

आता घोडा. त्याच्याशिवाय यातलं काही नाही, आणि त्याच्याबद्दल बोलणं मात्र सर्वांत कमी होतं. इथे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे दिसतात. छोट्या अंतरात क्षणात वेग घेणं हा त्यांचा गुण. पण वेगवान घोडा आणला आणि बांधला दोर, असं चालत नाही. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. मागून काहीतरी घसरत येतंय, हे त्याच्या दृष्टीने लांडगा मागे लागण्यासारखंच. म्हणून आधी नुसता दोर त्याच्या कुशीवरून, मांड्यांवरून, मागच्या पायांवरून फिरवतात. मग जमिनीवरून ओढायला लावतात. मग टायर. मग स्कीवाला, आधी चालत, मग दुडक्या चालीने, शेवटी चौखूर. कुठल्याही टप्प्यावर कान मागे पडले, शेपूट आवळली गेली, की एक पायरी मागे. यात घाई केलेला घोडा गर्दीत पहिल्याच बारीला उधळतो, आणि दोष नसताना त्याला वाईट ठरवलं जातं.

नालांचं काम त्या घोड्याचे पाय ओळखणाऱ्या नालबंदाकडूनच करून घ्यावं. साध्या नालेत बर्फ खुराच्या उबेने वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्याचा गोळा होतो. घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डगमगतो. त्यासाठी नाल आणि खूर यांच्यामधे बर्फ बाहेर ढकलणारं रबरी पॅड बसवतात. नालेला टणक धातूचे खिळे असतात, पण फार मोठे नकोत. पाय बर्फावर थोडासुद्धा सरकला नाही तर सगळा धक्का सांध्यांत जातो. दोराची ओढ खोगीर मागे खेचते, म्हणून छातीपट्टा हवा आणि मागचा तंगही (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) नीट आवळलेला हवा. प्रत्येक बारीआधी दोन्ही पुन्हा तपासा.

स्वाराने मागे वळून बघायचं नाही, घोडा मधे आणि सरळ ठेवायचा. रेषा ओलांडली म्हणून लगेच लगाम खेचायचा नाही, कारण मागचा माणूस त्याच वेगाने येत असतो आणि त्याच्याकडे ब्रेक नसतो. स्कीवाल्याने रेषेनंतर दोर सोडून घोड्यापासून लांब, बाजूला वळायचं.

बऱ्याच ठिकाणी स्वार आणि स्कीवाले वेगवेगळी नोंदणी करतात आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. जोडी कळली की स्वाराला जाऊन भेटा. घोडा सुरुवातीला उसळतो का, किती वेगात सुटतो, कोणत्या बाजूला झुकतो, हे विचारा. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जोड्यांवर बोली लावली जाते, तिला इथे 'कॅलकटा' म्हणतात. हे नाव आपल्या कोलकात्यातल्या जुन्या घोडशर्यतींच्या सोडतीवरून आलं आहे. आणि परदेशातून येणाऱ्यांनी विम्याची कागदपत्रं नक्की वाचावीत. प्रवास विम्यात शर्यतीतली दुखापत बहुधा वगळलेली असते.

बारी संपल्यावर घोड्याला उभा करू नका. घाम आलेला घोडा या थंडीत उभा राहिला की स्नायू आखडतात. पाठीवर घोंगडी टाकून श्वास शांत होईपर्यंत चालवायचा. मग पाणी, पण बर्फाळ नको. थंड पाणी घोडा कमी पितो, आणि कमी पाण्यावर कोरडं गवत खाल्लं की आतड्यात चोथा अडकून पोटशूळ उठतो. बादलीत कोमट पाणी घाला आणि त्याने किती प्यायलं ते उभं राहून बघा.