खालीची मात्रा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या संगीतवर्गात आधी वाद्ये वाटून मग सूचना द्यायचे ज्याने ठरवले, त्याच्या सूचना कोणालाही ऐकू जात नाहीत. खंजिरी हाती आली की ती वाजणारच. मूल नुसते सावरून बसले तरी तिच्या कडेच्या चकत्या किणकिणतात. म्हणून आधी टाळ्या, मांड्या आणि पाय, वाद्ये नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या बालसंगीताच्या पद्धतीतही टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठेका यांना वाद्यांच्या बरोबरीचे स्थान आहे. आपल्याकडे तर हातावर ताल धरूनच गाणे शिकतात.

सुरुवातीला नावांचा खेळ चांगला रंगतो. गोलात बसून प्रत्येकाने आपले नाव टाळ्यांत वाजवायचे आणि बाकीच्यांनी ते तसेच परत करायचे. ‘मीरा’ दोन टाळ्यांत संपते, ‘ज्ञानेश्वरी’ला चार लागतात, आणि हा अन्याय लक्षात आलेली मीरा पुढच्या फेरीत आडनावासह हजर होते. या वयाच्या मुलांची स्वतःची लय मोठ्यांच्या लयीपेक्षा द्रुत असते, त्यामुळे प्रथम आपण त्यांच्या मागे जावे. संथ लयीत त्यांना अडकवून ठेवण्याची घाई करू नये. घरगुती खुळखुळेही हवेतच, फक्त झाकणे पक्की चिकटवलेली असावीत. मोहरी भरली तर बारीक सळसळ येते, राजमा भरला तर खडखडाट, आणि डोळे मिटून कोणत्या बाटलीत काय आहे हे ओळखण्यात मुले रमतात.

खरी कसोटी मात्र न वाजवण्याची आहे. केरवा या तालाच्या आठ मात्रांत, म्हणजे ठोक्यांत, पाचवी खालीची. तिथे टाळी द्यायची नाही, एवढेच सांगितले तर हमखास तिथेच सर्वांत मोठी टाळी पडते. ‘थांबा’ म्हणण्यापेक्षा त्या मात्रेला हात उताणा करून बाजूला न्यायचे काम दिले, तर गफलती बऱ्याच कमी होतात, कारण रिकामे राहणे मुलांच्या हातांना मानवत नाही. याच हेतूने मी खंजिरी गोलातून आवाज न होऊ देता पुढे पोचवण्याचा खेळ घेतो. एरवी एका जागी न टिकणारी मुले तेव्हा ज्या काळजीने हात हलवतात, ती काळजी मोठ्यांच्या भजनात सापडणे कठीण.

टाळ मी सर्वांत शेवटी देतो. धातूला धरला तर तो नुसता थपकतो, दोरीला धरला तर घुमत राहतो, आणि छातीशी दाबला की तत्क्षणी गप्प होतो. हा शोध एखाद्याला लागला की तो वाजवणे आणि दाबणे एवढेच करत राहतो, पाहता पाहता साऱ्या वर्गाला त्याची लागण होते, आणि त्या तासासाठी योजलेले गाणे पुढच्या आठवड्यावर जाते.