आमची वाटचाल : जुना बाजार ते लोखंडी टोप

पुण्याच्या जुन्या बाजारात वडिलांचा भंगाराचा ठेला. त्या ढिगातून फौजी माल वेगळा काढायला मी लागलो आणि पुढे गाळा घेतला. बरी वर्षं होती, ती सांगत बसत नाही.

सांगायचंय समोरच्याबद्दल. माल ओळखायला शिकला आमच्याच गाळ्यात, आणि दुकान थाटलं आमच्याच समोर! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैनिकांचे जे टोप, म्हणजे लोखंडी शिरस्त्राणं, गोळीच्या टेस्टला नापास होत, ते नागरी संरक्षणाला द्यायचे, काठाला भोकं पाडून. हा पठ्ठ्या त्या भोकांत लांबी (पुट्टी) भरी, वर वाळू मिसळलेला रंग, आणि ‘१९१६, सोमची लढाई’ म्हणजे पहिल्या महायुद्धातला म्हणून विकी. टोपाच्या डोक्यावर मात्र आतल्या अस्तराचा स्क्रू तसाच! १९१६ च्या काळी तिथं रिव्हेट असे. १९३८ नंतर जुन्या पत्र्यात नवं अस्तर बसवलेले नग येतात, पण त्यांचा भाव वेगळा.

मुंबईच्या एका बड्या संग्राहकाला असला नग गेला आणि बोभाटा झाला : पुण्याचा माल खोटा. करून गेला तो, गिऱ्हाईक तुटलं आमचं. भाडं थकलं, मुलीची फी बहिणीनं भरली. गाळा विकायची बोलणीसुद्धा झाली होती.

तेव्हा साताऱ्याचे सुभेदार काका आले, वडिलांचा टोप पिशवीत घेऊन. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी स्क्रू सोडवला, अस्तर अलगद बाहेर काढलं, काठाखाली टॉर्च तिरपा धरला आणि भिंग त्यांच्याच हातात दिलं. रंगाखाली ठसा होता : टाटा, १९४३.
“म्हणजे विलायती नाही?”
“नाही काका, पोलाद जमशेदपूरचं.”
विलायती म्हटलं असतं तर ते खूश झाले असते. पण त्यानंतर पलटणीतल्या दोस्तांना ते स्वतः घेऊन येऊ लागले, आजही येतात.

नवीन पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. लोहचुंबक खिशात ठेवा. असे टोप ज्याचे बनत, त्या हॅडफिल्डच्या मँगनीज पोलादाला ते चिकटत नाही. चिकटलं तर आधी भाव पाडा, मग बोला. तारेचा ब्रश लावू नका, मूळ रंग गेला की निम्मी किंमत गेली. अस्तरावरचं साल आणि पत्र्यावरचं साल ताडून बघा. आणि १९१६ चा अस्सल टोप सापडलाच तर परदेशी गिऱ्हाइकाच्या नादी लागू नका. शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, बाहेर पाठवता येत नाही. समोरच्यानं पाठवली म्हणे. त्याचं तो बघेल.