आमच्या वस्तीचे नाव

रविवार, रात्री

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'जातिवाचक वस्तीचे नाव बदलणे' हा विषय आला आहे, आणि ती वस्ती आमची, म्हणजे महारवाडा, आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असा निर्णय घेतला. आमच्या गावात तो विषय सभेपुढे यायलाच इतका काळ गेला. आता तो आला आहे, तर त्याविषयी माझे मत काय आहे, हे सभेत उभे राहण्यापूर्वी स्वतःशी नीट लिहून काढावे असे वाटले.

सर्वांत अवघड विरोध गावाकडून आलेला नाही, तो आमच्याच घरातून आला आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय झाले आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. हे नाव मिटवू नये, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. त्यांनी आपल्या वडिलांना येसकराची, म्हणजे गावाच्या वेशीच्या राखणदाराची, काठी घेऊन चावडीवर बसलेले पाहिले आहे. गावाचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवणारा, शिवेचा तंटा उभा राहिला की दगड कुठे होता हे सांगणारा आणि ज्याच्या शब्दावर पाटील-कुलकर्ण्यांनाही थांबावे लागे, असा माणूस या वाड्यात राहत होता, हे त्यांना नावाबरोबर पुसले जाईल असे वाटते. महारांना गावकामाबद्दल परंपरेने मिळालेल्या बावन्न हक्कांची आठवण ते आजही काढतात. लष्करात महार रेजिमेंट हे नाव मानाने चालते, मग आपल्या वस्तीलाच ते का लाजिरवाणे वाटावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

मला तात्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. पण त्याच काठीबरोबर मेलेली ढोरे ओढणे होते, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसन् कोस जाणे होते, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात दारोदार मागावे लागणारे बलुते होते. या वतनाच्या बेडीतून माणसे सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली आला, तोवर ते हयात नव्हते. रेजिमेंटचे म्हणाल, तर १९४१ मध्ये ती उभी राहिली ती आमच्या माणसांनी सैन्यात आपली जागा मागितली म्हणून, आणि त्या मागणीचा पाठपुरावा बाबासाहेबांनी स्वतः केला होता. ते नाव आम्ही मागून घेतले. वाड्याचे नाव मात्र गावाने ठेवले, आणि तेही आमचे घर कुणीकडे आहे हे गावाला चुकू नये म्हणून ठेवले. वस्ती गावाच्या पूर्वेला का, असे लहानपणी आजीला विचारले होते. वारा पश्चिमेकडून येतो, आपल्या अंगावरचा वारा गावावर जाऊ नये म्हणून, असे तिने अगदी सहज सांगितले होते. त्या सहजपणाचा त्रास मला अजून होतो.

गावातल्या काही मंडळींचे म्हणणे असे की ब्राह्मणआळी आणि माळी गल्ली ही नावेही जातीचीच आहेत, त्यांची कोणाला खंत वाटत नाही, मग एवढी चर्चा कशाला? शासनाच्या यादीत ती नावे एका ओळीत आली आहेत हे खरे. पण ब्राह्मणआळी गावकुसाच्या आत आहे. तिथला पत्ता सांगताना कोणाचा आवाज खाली जात नाही, आणि तो पत्ता ऐकून भाड्याची खोली 'आजच दुसऱ्याला दिली' असेही कोणी सांगत नाही. माझ्या मुलीने शहरात खोली शोधताना दाखल्यावरचा पत्ता दाखवला, तेव्हा नेमके हेच घडले. या दोन नावांना एकाच तागडीत घालणे मला मान्य नाही, मग ते समतेच्या नावाने का असेना.

नाव बदलायचे हे माझ्यापुरते ठरले आहे. खरा प्रश्न आहे तो नवे नाव कोणी ठरवायचे याचा, आणि इथे मी कोणाच्याही भिडेस पडणार नाही.

पंचायतीतल्या एका ज्येष्ठ सदस्याने समतानगर हे नाव सुचवले आहे. त्यांच्या मते ते सर्वांना चालण्यासारखे आहे. वस्तीतल्या तरुणांना भीमनगर हवे आहे. त्यावर ज्येष्ठांचा आक्षेप असा की भीमनगर म्हटले की तिथे कोण राहते हे लगेच कळते, मग बदल करून साधले काय? वरवर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. नवे नावही कालांतराने तोच डाग घेऊ शकते, हे मलाही दिसते. तमिळनाडूत दलित वस्त्यांना 'कॉलनी' म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्या साध्या शब्दालाच इतका वास चिकटला की एप्रिल २०२५ मध्ये तो सरकारी दप्तरातून काढण्याची घोषणा तिथल्या मुख्यमंत्र्यांना करावी लागली. मे १९३६ च्या मुंबई महार परिषदेत बाबासाहेबांनीही आपल्या लोकांना हेच बजावले होते. महारांनी स्वतःला चोखामेळा आणि चांभारांनी रोहिदास म्हणवून घेतले तरी 'म्हणजे कोणती जात?' हा पुढचा प्रश्न टळत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

परंतु आम्हाला आमची ओळख लपवायची आहे, असे गृहीत धरले तरच हा आक्षेप लागू पडतो, आणि ते गृहीतक मला मुळातच अमान्य आहे. आम्ही १९५६ नंतर बौद्ध झालो ते लपण्यासाठी झालो नाही. भीमनगर ऐकून समोरच्याला कळत असेल तर कळू द्यावे, कारण त्या वेळी ते आम्ही सांगितलेले असेल. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला गेला. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी त्याला विरोध केला, आणि बहुमताने तरीही तो शब्द ठेवला, तेव्हा बाबासाहेब व त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. तो शब्द ऐकायला गोडच होता. ज्यांच्यावर तो लादला जात होता त्यांना तो नको होता, एवढे कारण पुरेसे होते. समतानगरविषयी माझे म्हणणे तंतोतंत तेच आहे. शब्द चांगला आहे, पण तो सुचवणाऱ्यांनी आमच्या समाजमंदिरात एकदाही बैठक घेतलेली नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मेली. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी भीमनगर या नावाला नुसती एक पाटी समजू नये.

ठरावाच्या मसुद्यात मी तीन कलमे घालणार आहे. पहिले असे की नव्या नावाची निवड वस्तीतल्या प्रौढ स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या बैठकीत व्हावी आणि ग्रामसभेने तीच मान्य करावी. दुसऱ्या कलमात तात्यांच्या म्हणण्यातला खरा अंश यायला हवा: नवे नाव पुढच्या नोंदींना लागावे, पण जुनी दप्तरे खोडू नयेत आणि गहाळ होऊ देऊ नयेत. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि आमच्यासारख्या भूमिहीन घरांकडे गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदींखेरीज तेवढा जुना कागद क्वचितच असतो. जे नाव पाटीवरून जायला हवे, तेच जुन्या नोंदीत आमच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळवून देते. गावाने काय केले याचीही तीच लेखी साक्ष आहे, ती राहिलीच पाहिजे.

तिसरे कलम बोलण्याविषयी आहे. मतदार यादी, घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड यांवरचे नाव आज ना उद्या बदलेल, पण नळाला पाणी कोणत्या भागाला किती वाजता सुटणार हे पंचायत रोज खडूने फळ्यावर लिहिते आणि भोंग्यावरून सांगते. त्या फळ्यावर व भोंग्यावर ठरावाच्या दुसऱ्या दिवसापासून नवेच नाव यावे, आणि ती जबाबदारी नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याची असावी, असे मी लिहिणार आहे. हे कलम काहींना क्षुल्लक वाटेल आणि ते गाळून बाकीचे मंजूर करू, असे सुचवले जाईल. ते मी गाळू देणार नाही, कारण वस्तीतल्या बायका सातबारा वाचत नाहीत, त्या रोज तो भोंगा ऐकतात.